भिंत, कागद आणि सही

१

'समकालीन कला' ही संज्ञा मराठी समीक्षेत रुळून बराच काळ लोटला. तरी तिच्या कक्षेत कोणाला घ्यावयाचे, याविषयी पुरेसा विचार झालेला दिसत नाही. कलाविद्यालयातून बाहेर पडलेला, महानगरात राहणारा आणि कलादालनात प्रदर्शन भरविणारा चित्रकार सहज समकालीन ठरतो. त्याच वर्षी बिहारमधील एखाद्या खेड्यात लग्नघराची भिंत रंगविणारी स्त्री मात्र 'परंपरागत' म्हणून वेगळी काढली जाते. दोघेही एकाच काळात जगत असतात. फरक असतो तो नोंदीचा. एकाच्या चित्राखाली नाव आणि साल असते, दुसरीच्या चित्राखाली गावाचे किंवा जातीचे नाव असते. नाव आणि साल नसलेली कृती मग काळाबाहेरची मानली जाते, आणि तिचा अभ्यास कलासमीक्षेऐवजी मानववंशशास्त्राकडे सोपविला जातो.

विसाव्या शतकात ही विभागणी काही ठिकाणी मोडली. मिथिलेत आणि मध्य भारतातील गोंडवनात ती कशी मोडली, कोणी मोडली आणि मोडताना कोणाला काय किंमत द्यावी लागली, याचा इतिहास पाहिला म्हणजे चित्रकला, समाज आणि संशोधन यांचे परस्परसंबंध किती गुंतागुंतीचे असतात, हे ध्यानात येते.

१५ जानेवारी १९३४ रोजी झालेल्या भूकंपाने उत्तर बिहार आणि नेपाळचा मोठा प्रदेश उद्ध्वस्त केला. त्या वेळी मधुबनी उपविभागात विल्यम आर्चर हा तरुण इंग्रज सनदी अधिकारी नेमणुकीवर होता. नुकसानीची पाहणी करीत असता त्याला पडक्या घरांच्या आतील भिंती उघड्या झालेल्या दिसल्या. त्या भिंतींवर कमळे, बांबू, मासे, कासव, सूर्य-चंद्र आणि देवदेवता रंगविलेल्या होत्या. ही चित्रे परक्या पुरुषाच्या दृष्टीस पडण्यासाठी काढलेलीच नव्हती. मिथिलेत नवविवाहित जोडप्याच्या खोलीला कोहबर म्हणतात. या खोलीच्या भिंतीवर घरातील व शेजारच्या स्त्रियांनी मंगलचिन्हे रेखाटावयाची, हा विवाहविधीचाच एक भाग होता. घराची भिंत पडली, म्हणून ती चित्रे जगापुढे आली.

आर्चरने पुढील काही वर्षांत या चित्रांची छायाचित्रे घेतली आणि १९४९ साली मुंबईहून निघणाऱ्या 'मार्ग' या नियतकालिकात मैथिल चित्रकलेवर लेख लिहिला. त्या लेखात ब्राह्मण व कायस्थ घरांतील शैलींचा भेद त्याने नेमकेपणाने टिपला, आणि या रेषांचे नाते क्ले व मिरो या युरोपीय आधुनिकांशीही जोडले. या चित्रांकडे कला म्हणून पाहणारे हे पहिले महत्त्वाचे लेखन होय. तथापि चित्रे काढणाऱ्या स्त्रिया कोण, त्यांतील एखादीचा हात दुसरीहून निराळा कसा ओळखावा, हे त्या लेखनाचे विषय झाले नाहीत. आर्चरच्या दृष्टीने चित्र जातीचे होते, गावाचे होते. संशोधनाचा तो पहिला टप्पा होता आणि त्याची मर्यादाही त्याच काळाची होती.

२

दुसरे संकट १९६६-६७ च्या दुष्काळाचे. बिहारमध्ये पिके बुडाली आणि ठिकठिकाणी मदतकार्ये सुरू झाली. खडी फोडणे, माती वाहणे ही कामे उपाशी माणसांना मजुरी देत होती. पण उच्चवर्णीय घरांतील गरीब स्त्रियांना घराबाहेर पडून ती करणे रूढीमुळे अशक्य होते. अखिल भारतीय हस्तकला मंडळाची सूत्रे तेव्हा पुपुल जयकर यांच्याकडे होती. भिंतीवरील चित्रे कागदावर उतरली, तर त्यांतून या स्त्रियांना घरबसल्या उत्पन्न मिळेल, या विचाराने त्यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना कागद देऊन मधुबनीला पाठविले.

कुलकर्णी जितवारपूर, रांटी अशा गावांतून हिंडले. परक्या पुरुषाने अंगणात येऊन घरच्या स्त्रियांकडे चित्रे मागावीत, ही गोष्ट मैथिल समाजाला सहज पटण्यासारखी नव्हती. हळूहळू जगदंबा देवी, सीता देवी, महासुंदरी देवी, गंगा देवी यांसारख्या स्त्रिया कागदावर काम करू लागल्या. भिंतीवरून कागदावर येताना चित्र बदलले, हे स्वाभाविकच होते. भिंतीला कडा नसतात. प्रसंगानुसार चित्र दाराच्या चौकटीपर्यंत पसरते आणि पुढील लग्नापूर्वी त्यावर पुन्हा सारवण पडते. कागदाला चार बाजू असतात, तो टिकतो, त्याची घडी होऊन तो दूर जातो. म्हणून कागदावरील चित्राला स्वतःपुरती रचना लागते. जितवारपूरच्या सीता देवींनी भरीव रंगांच्या 'भरनी' शैलीत मोठ्या, ठसठशीत आकृती उभ्या केल्या. कायस्थ घरांत वाढलेल्या गंगा देवींनी बारीक रेघांच्या 'कचनी' शैलीला सूक्ष्मतेच्या टोकापर्यंत नेले. एकाच परंपरेतील दोन हात प्रथमच स्पष्टपणे वेगळे दिसू लागले.

याच वेळी कागदाच्या कोपऱ्यात देवनागरी अक्षरांत नाव येऊ लागले. कोहबराच्या भिंतीवर कोणी सही करीत नव्हते. तेथे तिची गरजही नव्हती, कारण भिंत कोणी रंगविली हे साऱ्या टोल्याला ठाऊक असे. चित्र गाव सोडून गेले, तेव्हा सही आवश्यक झाली. जगदंबा देवींना १९७५ मध्ये, सीता देवींना १९८१ मध्ये आणि गंगा देवींना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या स्त्रिया एरवी अमक्याची आई किंवा तमक्याची पत्नी म्हणूनच ओळखल्या जात, त्यांची नावे देशाच्या नोंदवहीत गेली. दुष्काळनिवारणाच्या योजनेचा हा परिणाम योजनाकारांच्या अपेक्षेपलीकडचा होता.

या विस्ताराला जातीची कडा मात्र होती. आरंभी कागद पोहोचला तो मुख्यत्वे ब्राह्मण आणि कायस्थ घरांत. १९७० च्या दशकात एरिका मोझर या जर्मन मानववंशशास्त्रज्ञ तेथे काम करीत असता त्यांनी दुसाध समाजातील स्त्रियांनाही चित्रे काढण्यास उत्तेजन दिले. कोहबराची उच्चवर्णीय चिन्हे उसनी घेण्याऐवजी या स्त्रियांनी स्वतःच्या अंगावरील गोंदण कागदावर आणले आणि आपल्या समाजाचा लोकनायक राजा सलहेस याच्या कथा रंगविल्या. 'गोदना' शैली म्हणून आज जी ओळखली जाते, ती अशी सिद्ध झाली. चानो देवींसारख्या चित्रकर्तींनी तिला आकार दिला. त्याच शैलीतील शांती देवी आणि शिवन पासवान या दांपत्याला २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. म्हणजे जगदंबा देवींच्या सन्मानापासून तेथवर पोहोचण्यास जवळजवळ अर्धे शतक लागले. एखाद्या संशोधकाची जिज्ञासा समाजातील दडपलेल्या आवाजाला वाट करून देऊ शकते, याचे हे उदाहरण आहे. तशीच ती वाट राजमान्यतेपर्यंत जाण्यास किती काळ लागतो, याचेही.

भास्कर कुलकर्णी यांचाच दुसरा शोध महाराष्ट्रातील वाचकांना अधिक परिचित असतो. डहाणू तालुक्यातील गंजाड येथे त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक लिहिण्याचा अधिकार सवासिनींचा. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने त्या पालघट देवीचा चौक काढीत आणि धवलेरी गाणी म्हणून लग्न लावी. म्हसे यांनी विधीची चौकट सोडून शेती, मासेमारी, शिकार, कथा असे विषय कागदावर आणले. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हसे यांची प्रतिभा निर्विवाद आहे. तरीही एक भेद नोंदविणे आवश्यक ठरते. मिथिलेत स्त्रियांची कला कागदावर आली आणि सहीही स्त्रियांचीच राहिली. गंजाडला स्त्रियांची कला कागदावर आली तेव्हा पहिली प्रसिद्ध सही पुरुषाची झाली. पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या सवासिनी पूर्वीप्रमाणेच निनावी राहिल्या. नोंद एकाला प्रकाशात आणते, तेव्हा तिची सावली दुसऱ्यावर पडते.

३

मधुबनी आणि गंजाड येथे ज्या गोष्टी हस्तकला, उपजीविका आणि मदतकार्य यांच्या परिभाषेत घडल्या, त्यांना कलाविचाराचा पाया देण्याचा प्रयत्न भोपाळमध्ये झाला. तेथे जाण्यापूर्वी पाटणगढ या खेड्याकडे वळणे इष्ट आहे.

पाटणगढ हे पूर्वीच्या मंडला, आणि १९९८ पासून दिंडोरी जिल्ह्यातील गाव, मैकल डोंगररांगांच्या परिसरात वसलेले. व्हेरियर एल्विन आणि त्यांचे सहकारी शामराव हिवाळे हे दोघे पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून बाहेर पडून या भागात आले होते. १९४० च्या दशकात पाटणगढ हे त्यांच्या कार्याचे ठिकाण होते. या दोघांनी मैकल परिसरातील गाणी जमविली. हिवाळे यांनी १९४६ मध्ये परधानांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तर एल्विन यांनी १९५१ मध्ये मध्य भारतातील आदिवासी कलेवर. परधान हे गोंडांचे गायक. बाना हे तंतुवाद्य घेऊन आपल्या यजमानांच्या घरी जावयाचे, बडा देवाचे स्तवन करावयाचे, कुळांच्या कथा आणि वंशावळी गावयाच्या आणि त्याबद्दल धान्य, वस्त्र, गुरे स्वीकारावयाची, हा त्यांचा परंपरागत हक्क होता. गोंडांच्या स्मृतीचे ते जतनकर्ते होते. यजमान दरिद्री झाले तसा हा हक्कही आटला, आणि गायकांची मुले मजुरीकडे वळली.

याच पाटणगढमध्ये १९६० च्या आसपास एक मुलगा जन्मला. त्याच्या जन्माच्या सुमारास जनगणनेचे कर्मचारी गावात आले होते, म्हणून त्याचे नाव 'जनगढ' ठेवले गेले, असे सांगतात. शासनाने माणसे मोजण्यासाठी काढलेल्या मोहिमेवरून पडलेले हे नाव पुढे भारतीय चित्रकलेतील एका शैलीचे नाव झाले.

मध्य प्रदेश शासनाने भोपाळला भारत भवन उभारण्याचे ठरविले, तेव्हा त्यातील 'रूपंकर' या ललितकला संग्रहालयाची जबाबदारी चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्याकडे आली. स्वामीनाथन हे १९६० च्या दशकातील 'ग्रुप १८९०' या चित्रकारगटाचे एक प्रवर्तक होते. पाश्चात्त्य आधुनिकतेच्या अनुकरणाविषयीची त्यांची अस्वस्थता जुनी होती. १९८१ मध्ये त्यांनी कलाविद्यार्थ्यांची पथके मध्य प्रदेशाच्या आदिवासी भागांत पाठविली. या निवडीचे महत्त्व फार आहे. खेड्यात जाणारे हे तरुण मानववंशशास्त्राची प्रश्नावली घेऊन गेले नव्हते. ते स्वतः चित्रकार होते. त्यांनी भिंत पाहिली, हात ओळखला, आणि काढणाऱ्याचे नाव विचारले. अशाच एका पथकाला पाटणगढच्या भिंतीवर विशीतल्या जनगढसिंह श्याम यांचे चित्र दिसले. जनगढ भोपाळला आले. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी, चार्ल्स कोरिया यांनी रचना केलेल्या भारत भवनाचे उद्घाटन झाले, तेव्हा नागर चित्रकार आणि आदिवासी चित्रकार यांच्या कृती एकाच वास्तूत मांडल्या गेल्या होत्या.

या मांडणीमागील भूमिका स्वामीनाथन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रूपंकरच्या ग्रंथात विस्ताराने मांडली. मानवी संस्कृती एकाच शिडीवरून वर चढत जाते, आदिवासी खालच्या पायरीवर आणि महानगर वरच्या, ही कल्पना त्यांनी नाकारली. एकाच काळात अस्तित्वात असलेल्या सर्व सर्जक परंपरा परस्परांच्या समकालीन आहेत, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्यांच्या लेखी समकालीनतेचा निकष एकाच वेळी, समान हक्काने जिवंत असणे हा होता. आधुनिकतेचा अंगीकार ही तिची अट नव्हती. भारतीय कलाविचारात ही भूमिका इतक्या ठामपणे, आणि एका शासकीय संस्थेच्या प्रत्यक्ष रचनेतून, यापूर्वी मांडली गेली नव्हती.

तिच्यावर आक्षेपही घेता येतात. एकाच वास्तूत असली तरी नागर कला आणि लोक-आदिवासी कला यांची दालने वेगळीच होती. निवड कोणी करावयाची, हा अधिकार नगरातील चित्रकाराकडेच राहिला होता. शिवाय भिंत सोडून आलेल्या कलावंताला आता बाजार आणि शासन हे दोन नवे यजमान लाभणार होते, आणि त्यांच्याशी व्यवहार करताना जुन्या यजमानपद्धतीतील परस्परबांधिलकीचे संरक्षण त्याला मिळणार नव्हते. हा शेवटचा मुद्दा पुढे किती जिव्हाळ्याचा ठरला, हे यथावकाश दिसेलच.

जनगढ यांनी भोपाळमध्ये जे केले, ते 'परंपरेचे जतन' या शब्दांत मावत नाही. परधानांच्या घरांत भिंतीवर आणि जमिनीवर 'दिग्ना' ही भौमितिक नक्षी काढीत. पण गोंडांच्या बहुतेक देवांना मूर्ती नव्हती. दगड, खांब, त्रिशूळ, वृक्ष हीच त्यांची खूण. जनगढ यांनी या देवांना प्रथमच रूप दिले. गाण्यातून जे केवळ ऐकले जात होते, ते त्यांनी ठिपक्यांच्या आणि आखूड रेघांच्या दाट विणीतून पाहण्याजोगे केले. हिंदी लेखक उदयन वाजपेयी यांनी या शैलीला 'जनगढ कलम' असे नाव दिले आणि गायकांच्या कुळातील या चित्रांचा संगीताशी असलेला संबंध उलगडून दाखविला. गायन आणि चित्र यांचे हे नाते साहित्याच्या अभ्यासकाला विशेष विचारप्रवर्तक वाटावे असे आहे. मौखिक वाङ्मय लिपीबद्ध झाले नाही, तर नष्ट होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. येथे ते लिपीत उतरण्याऐवजी चित्रात उतरले. एल्विन आणि हिवाळे यांनी जी गाणी शब्दांत संकलित केली, त्यांच्याच परंपरेचा हा दृश्य अवतार होता. फरक इतकाच की या वेळी संकलक बाहेरचा नव्हता. गाणाऱ्याच्या घरातलाच होता.

१९८६ मध्ये मध्य प्रदेश शासनाचा शिखर सन्मान जनगढ यांना मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या पोंपिदू केंद्राने जगभरातील कलावंतांना एकत्र आणणारे जे बहुचर्चित प्रदर्शन भरविले, त्यात भारतातून जनगढ आणि मिथिलेच्या बौआ देवी यांचा समावेश होता. भोपाळच्या नव्या विधानभवनाच्या भिंतीही त्यांनी रंगविल्या. त्यांच्या घरी पाटणगढहून आलेले नातेवाईक प्रथम मदतनीस म्हणून राहत, रंग भरत, आणि पुढे स्वतंत्र चित्रकार होत. एका माणसाच्या घरातून एक चित्रसंप्रदाय उभा राहिला.

४

या कलावंतांनी संशोधनाला केवळ साहित्य पुरविले, असे मानणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांच्यापैकी काहींची चित्रे हीच एक प्रकारची पाहणी आहे, आणि तिचा विषय त्यांचे गाव नसून बाहेरचे जग आहे.

१९८५ मध्ये गंगा देवी भारत महोत्सवानिमित्त अमेरिकेत गेल्या. परतल्यावर त्यांनी तेथे पाहिलेल्या गोष्टींची चित्रे काढली. जत्रेतील वेगवान गाडीत बसलेली माणसेही त्यांच्या कचनी रेषेत आली. पुढे त्यांना कर्करोग झाला. दिल्लीत उपचार घेत असता त्यांनी स्वतःच्या आजाराचीच चित्रमालिका रंगविली. रुग्णालयातील खाटा, डॉक्टर, उपचार, प्रवास आणि घर यांची तीत क्रमाने नोंद आहे. ज्या रेषेने आजवर विवाह, गर्भारपण आणि जन्म यांचे चक्र रेखाटले होते, तीच रेषा आता आधुनिक वैद्यकाच्या यंत्रणेकडे शांतपणे पाहत होती. या चित्रांत आक्रोश नाही. रुग्ण स्वतःच्या आजाराची साक्षीदार होते, ती नोंदी ठेवते. समाजशास्त्रज्ञ ज्याला रुग्णाचा अनुभव म्हणून प्रश्नावल्यांतून शोधतात, तो येथे रुग्णाच्याच भाषेत लिहिलेला आहे. ज्योतींद्र जैन यांनी गंगा देवींवर लिहिलेला ग्रंथ १९९७ मध्ये आला. एका लोककलावतीच्या आयुष्याचा आणि शैलीविकासाचा असा सलग अभ्यास तोवर विरळाच होता. १९९८ मध्ये जैन यांनीच गंगा देवी, जनगढ, जिव्या सोमा म्हसे, सरगुजा भागातील सोनाबाई आणि मणिपूरच्या नीलमणी देवी या पाच कलावंतांना समकालीन म्हणून एकत्र मांडले. गावाच्या आणि जातीच्या नावाखाली झाकलेली व्यक्ती अभ्यासाचा विषय झाली, ती अशी टप्प्याटप्प्याने.

जनगढ यांच्या आप्तवर्तुळातील भज्जू श्याम यांनी लंडनमधील एका उपाहारगृहाच्या भिंती रंगविण्याच्या निमित्ताने ते शहर पाहिले, आणि २००४ मध्ये त्यावर चित्रांचे पुस्तक केले. त्यात वसाहतकाळातील प्रवासवर्णनांची दिशा उलटलेली आहे. पूर्वी साहेब जंगलाचे वर्णन करी. येथे गोंड चित्रकार लंडनच्या प्राण्यांचे आणि रीतिरिवाजांचे वर्णन करतो, तेही विनोदाने आणि कटुतेविना.

या मालिकेतील सर्वांत अर्थपूर्ण कृती मात्र महाराष्ट्राच्या इतिहासाशी जोडलेली आहे. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी चित्रित केलेले 'भीमायन' २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा विषय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनातील अस्पृश्यतेचे अनुभव हा होता: शाळेत नाकारलेले पाणी, प्रवासात नाकारलेला आश्रय, आणि १९२७ चा महाडचा सत्याग्रह. चित्रकथेच्या प्रचलित पद्धतीप्रमाणे पात्रांना चौकोनांत कोंडणे या दांपत्याने नाकारले. त्यांनी पानावर दिग्न्याच्या वळणदार पट्ट्या सोडल्या आणि प्रसंग त्यांतून मोकळे वाहू दिले. सौम्य बोलण्याभोवती पक्ष्याचा आकार आणि विषारी बोलण्याला विंचवाची नांगी, अशी संभाषणाची चिन्हेही त्यांनी स्वतः योजिली. पाणी हा कथेचा गाभा असल्याने तहानलेला मुलगा, हापसा, मासे, नदी एकमेकांत मिसळून जातात. कोकणातल्या चवदार तळ्याची हकीकत मैकल डोंगरांच्या रेषेत सांगितली गेली, तेव्हा दोन वंचित समाजांच्या स्मृती प्रथमच इतक्या जवळ आल्या. दलित इतिहासाच्या अभ्यासात या पुस्तकाला स्थान मिळाले, ते त्याच्या माहितीइतकेच त्याच्या चित्रभाषेमुळे. दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

५

सन्मानांची ही यादी येथेच संपविली, तर इतिहास अर्धाच सांगितल्यासारखे होईल.

जपानच्या निगाता प्रांतातील तोकामाची येथे मिथिला आणि अन्य भारतीय लोककलांचे एक संग्रहालय आहे. भारतातील अनेक कलावंतांनी तेथे राहून चित्रे काढली. जनगढही तेथे गेले होते. २००१ साली ते पुन्हा तेथे असता मुक्काम वाढत गेला. घरी परतण्याची ओढ त्यांनी पत्रांतून कळविली होती. जुलै २००१ मध्ये त्यांनी तेथेच आत्महत्या केली. त्यांचे वय चाळिशीच्या आसपास होते. एखाद्या माणसाच्या अशा निर्णयाची कारणे बाहेरच्यांनी ठामपणे सांगू नयेत. परंतु भारतातील चित्रकार-लेखकांनी तेव्हा विचारलेले प्रश्न अद्याप जुने झालेले नाहीत. परदेशी राहून मासिक मोबदल्यावर काम करणाऱ्या आदिवासी कलावंताचा करार कोण पाहतो? त्याच्या परतीची जबाबदारी कोणाची? आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ज्याचे नाव लागते, तो व्यवहारात कलावंत मानला जातो की मजूर? २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात जनगढ यांचे एक चित्र तीस हजार डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले. तेव्हा ते जाऊन नऊ वर्षे झाली होती.

दुसरी घटना दिल्लीची. गंगा देवींनी आजारपणातच, १९८९-९० च्या सुमारास, राष्ट्रीय हस्तशिल्प संग्रहालयात एक कोहबर-घर रंगविले. १९९१ मध्ये त्या वारल्या. भिंतीवरून कागदावर गेलेली कला या खोलीत पुन्हा भिंतीवर आली होती, आणि ही भिंत सारवली जाणार नाही, असा विश्वास तीमागे होता. २०१५ च्या सुमारास संग्रहालयाच्या नूतनीकरणात ते कोहबर-घर नष्ट झाल्याचे उघड झाले. गावातील कोहबर दर लग्नाला पुसला जातो. पण तो पुन्हा लिहिला जाईल, हे पुसणाऱ्याला ठाऊक असते. संग्रहालयातील कोहबर पुसला गेला, तेव्हा तो पुन्हा लिहिणारा हात राहिलेला नव्हता. १९३४ मध्ये भिंत पडल्यामुळे ही कला जगाला दिसली. त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी, जगाने जपण्यासाठी बांधलेल्या भिंतीवरून तिची एक श्रेष्ठ कृती नाहीशी झाली.

कायद्याने काही संरक्षण दिले आहे. मधुबनी चित्रांना २००७ मध्ये आणि वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे प्रदेशाच्या आणि समूहाच्या नावाला आधार मिळतो, हे मोलाचे आहे. परंतु या मानांकनात पुन्हा नाव येते ते गावाचे आणि जमातीचे. हाताचे येत नाही. चादरींवर, भेटकार्डांवर, इमारतींच्या दर्शनी भागांवर छापली जाणारी बहुतेक वारली नक्षी कोणाचीही सही न घेता फिरते. २०१७ मध्ये मधुबनी रेल्वे स्थानकाच्या भिंती स्थानिक कलावंतांनी श्रमदानाने रंगविल्या. स्थानक सुंदर झाले आणि त्याचे देशभर कौतुक झाले. ज्या कलेचा कागदावरील प्रवास दुष्काळात मजुरी मिळावी म्हणून सुरू झाला होता, तिच्याकडून पन्नास वर्षांनी विनामोबदला श्रमाची अपेक्षा केली गेली, हा विरोधाभास त्या कौतुकात फारसा कोणाच्या लक्षात आला नाही.

६

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. आर्चरने छायाचित्र घेतले, कुलकर्णींनी कागद दिला, स्वामीनाथन यांनी सिद्धान्त दिला, जैन यांनी चरित्र लिहिले. प्रत्येक टप्प्यावर पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यातील अंतर थोडे कमी झाले, आणि अखेरीस पाहिली जाणारी माणसे स्वतः पाहू लागली. समकालीन कलेची सामाजिक भूमिका याहून वेगळी शोधण्याचे कारण नाही. ज्यांच्याविषयी आजवर इतरांनी लिहिले, त्यांना स्वतःची साक्ष नोंदविता येणे, ही ती भूमिका होय. मात्र साक्षीला मान दिला म्हणजे साक्षीदाराविषयीचे कर्तव्य संपत नाही. करार, मोबदला, कृतीचे जतन आणि कृतीवरील हक्क यांचा हिशेब कलेतिहासाच्या बाहेरचा मानला जातो, तोवर हा इतिहास अपुराच राहील.

रांटी गावच्या दुलारी देवी मल्लाह समाजातल्या. लहानपणापासून मोलमजुरी करणाऱ्या दुलारी गावातील महासुंदरी देवी आणि कर्पूरी देवी यांच्याकडे घरकाम करीत. तेथे चित्रे निघताना त्या पाहत. घरी येऊन मातीवर काडीने रेघा ओढीत. पुढे त्या घरातच त्यांना शिकविले गेले. कोळ्यांची नाव, जाळी, नदी, शेतातील बाया हे विषय त्यांच्याबरोबर मिथिलेच्या चित्रात आले, आणि स्वतःच्या आयुष्याची कथाही त्यांनी चित्रांतून पुस्तकरूपात सांगितली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्यांना शाळा लाभली नव्हती. लिहिता येत होते ते फक्त स्वतःचे नाव आणि आपल्या गावाचे नाव. पूर्वी अशा चित्रांखाली यांपैकी दुसरे तेवढे असे.